रात्रपाळीच्या मावशींना कोण शिकवणार?

कोलकात्यातल्या एखाद्या वृद्धाश्रमात पहाटे तीनच्या सुमाराला नव्वदीच्या आजींचा श्वास बदलतो. काही सेकंद थांबतो, मग खोल जातो, पुन्हा उथळ होतो आणि परत थांबतो. घशात घरघर वाजू लागते. अशा वेळी खोलीत डॉक्टर नसतो आणि बहुतेक ठिकाणी नर्सही नसते. असते ती आया. दक्षिण चोवीस परगण्यातल्या एखाद्या गावातून कॅनिंग किंवा लक्ष्मीकांतपूर लोकलने येणारी, आया सेंटरने बारा तासांच्या पाळीवर पाठवलेली, शाळा अर्धवट सुटलेली बाई. ती आजींना दिदा म्हणते. पुढची दहा मिनिटं ती काय करते, त्यावर दिदांचा शेवट कसा होणार हे ठरतं.

ती घाबरून चमच्याने पाणी पाजू लागली, तर पाणी श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. तिने मॅनेजरला उठवलं आणि त्याने ॲम्ब्युलन्स बोलावली, तर तासाभरात आजी एखाद्या अतिदक्षता विभागात असतात, तोंडात नळी, मनगटं पलंगाला बांधलेली, आणि मुलगा बंगळुरूहून विमान पकडेपर्यंत सगळं संपलेलं असतं. तिने आजींना अलगद कुशीवर वळवलं, ओल्या कापसाने ओठ आणि जीभ भिजवली, भिंतीवर लावलेल्या नंबरला फोन केला आणि हात हातात घेऊन बसली, तर त्याच आजी स्वतःच्या अंथरुणात, ओळखीच्या माणसाजवळ जातात. आजार तिन्ही वेळा तोच. फरक पडतो तो त्या बाईला काय माहीत आहे आणि तिच्या पाठीशी कोण उभं आहे, याने.

या बाईला शिकवायचं कसं, हा प्रश्न ऐकायला लहान वाटतो. पण तिला एक दिवसाची रजा म्हणजे एक दिवसाची मजुरी गेली. तिला कुणी परिषदेला बोलावत नाही, तिच्यासाठी पाठ्यपुस्तक नाही. दूरवरून, फोनच्या किंवा संगणकाच्या पडद्यावरून शिकवणं हा मार्ग तिच्यापर्यंत पोहोचू शकतो. तो कुठवर नेतो आणि कुठे अडतो, हे समजून घेण्यासारखं आहे. कारण पुण्यात, ठाण्यात, नागपुरात ब्यूरोकडून येणाऱ्या बाईच्या भरवशावर आईवडिलांना ठेवणाऱ्या आपल्या घरांनाही तो तितकाच लागू आहे.

कोलकात्यात हा प्रश्न अधिक तीव्र आहे, याचं कारण त्या शहराच्या वयात आहे. २००१ च्या जनगणनेत कोलकाता महापालिकेची लोकसंख्या सुमारे ४५ लाख ७३ हजार होती, २०११ मध्ये ती ४४ लाख ९७ हजारांवर आली. देशातली बाकीची महानगरं फुगत असताना हे शहर आकसलं. शिकलेली मुलं बंगळुरू, हैदराबाद, पुणे, गुडगाव आणि त्याही पलीकडे गेली. बालीगंज किंवा सॉल्ट लेकच्या दुमजली घरात दोन म्हातारी माणसं आणि एक आया, हे चित्र तिथे इतकं नेहमीचं आहे की कोलकाता पोलिसांना एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी ‘प्रणाम’ नावाचा उपक्रम चालवावा लागतो. घर चालवणं झेपेनासं झालं की पुढचा मुक्काम वृद्धाश्रम. ही व्यवस्थाही तिथे जुनी आहे. लिटल सिस्टर्स ऑफ द पुअर या संस्थेच्या जोगिणींनी कोलकात्यात निराधार वृद्धांसाठी घर उघडलं ते १८८२ मध्ये. आता त्याच्या जोडीला न्यासांची, महिला मंडळांची आणि शहराच्या कडेकडेने उभी राहिलेली खासगी निवासं आहेत. बरीचशी ‘धडधाकट असाल तर या’ अशा अटीवर प्रवेश देतात. पण धडधाकट माणूसही तिथेच दहा वर्षं राहतो आणि तिथेच अंथरुणाला खिळतो.

शेवटच्या शुश्रूषेबद्दल बोलताना कोलकात्यात एका वास्तूला वळसा घालून जाता येत नाही. हाजरा रोडच्या महाराष्ट्र निवासात उतरलेला मराठी प्रवासी पायी कालीमंदिराकडे निघाला, की मंदिराला लागूनच ‘निर्मल हृदय’ दिसतं. महापालिकेने दिलेल्या यात्रेकरूंच्या जुन्या धर्मशाळेत मदर तेरेसांनी ऑगस्ट १९५२ मध्ये ते सुरू केलं. रस्त्याच्या कडेला मरायला टाकलेल्या माणसाला उचलून आणायचं, धुवायचं, खाऊ घालायचं, आणि त्याने जायचंच असेल तर एकटं जाऊ नये एवढं बघायचं. त्या काळात ते फारसं कुणी करत नव्हतं, ही गोष्ट कधीही लहान होणार नाही. पण १९९४ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाचे संपादक रॉबिन फॉक्स तिथे जाऊन आले आणि त्यांनी जे लिहिलं तेही तितकंच खरं होतं. स्वच्छता, जखमांची निगा, माया या सगळ्याची त्यांनी दखल घेतली. त्याचबरोबर तीव्र वेदनेवरची प्रभावी औषधं तिथे नाहीत आणि बरा होऊ शकणारा रुग्ण व न होणारा रुग्ण यांत फरक करण्याची पद्धत नाही, हेही नोंदवलं. माया भरपूर होती, विद्या अपुरी होती.

ती विद्या तोवर जगात तयार झाली होती. सिसिली सॉन्डर्स यांनी लंडनच्या सिडनहॅम भागात १९६७ मध्ये सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस, म्हणजे मरणासन्न रुग्णांच्या शुश्रूषेचं घर, उघडलं. सॉन्डर्स आधी नर्स होत्या, मग वैद्यकीय समाजसेविका आणि शेवटी डॉक्टर झाल्या. मरणाऱ्या माणसाची वेदना नुसती शरीराची नसते. तिच्यात भीती, घरच्यांची काळजी, पैशाची चिंता, ‘माझ्याच वाट्याला का’ हा सवाल हे सगळं मिसळलेलं असतं, आणि एकाकडे दुर्लक्ष केलं तर दुसरंही शमत नाही, हे त्यांनी रुग्णांच्या उशाशी बसून मांडलं. भारतातलं पहिलं हॉस्पिस मुंबईत, वांद्र्याचं शांती आवेदना सदन, १९८६ चं. पुण्याला वारज्यात सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे त्रास शमवणाऱ्या शुश्रूषेचं, केंद्र १९९७ मध्ये आलं. त्याआधी १९९३ मध्ये कालिकतला डॉ. एम. आर. राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुरू केलेल्या संस्थेतून केरळची शेजाऱ्यापाजाऱ्यांनी चालवलेली चळवळ वाढली. कोलकात्यात राजारहाटचं टाटा मेडिकल सेंटर २०११ मध्ये उघडलं, तिथे या शाखेचा स्वतंत्र विभाग आहे. मात्र आपल्या देशात ही शुश्रूषा मुख्यतः कॅन्सरभोवती वाढली. वृद्धाश्रमातला माणूस बहुधा कॅन्सरने जात नाही. तो जातो स्मृतिभ्रंशाने, पक्षाघाताच्या तिसऱ्या झटक्याने, थकलेल्या हृदयाने किंवा नुसत्या जर्जरपणाने. महिनोन्महिने, एकेक पायरी उतरत. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने दरवर्षी जगातल्या सुमारे ५ कोटी ६८ लाख लोकांना पॅलिएटिव्ह केअरची गरज असते आणि जेमतेम १४ टक्क्यांना ती मिळते. उरलेल्यांत हे पायरीपायरीने उतरणारे म्हातारे फार आहेत.

त्यांच्याजवळ असणाऱ्या बाईला नेमकं काय यायला हवं? यातलं बरंचसं अवघड नाही, पण आपल्या सहज समजुतीच्या उलट आहे. म्हणूनच ते शिकवावं लागतं.

पहिली गोष्ट जेवणाची. शेवटच्या आठवड्यांत माणूस खायचं कमी करतो, मग थांबवतो. आपल्याकडे आणि बंगालमध्येही न जेवणारं माणूस बघवत नाही; घास भरवणं हीच आपली प्रेमाची रीत. म्हणून आया जबरदस्तीने पातळ भात भरवते, नातेवाईक ‘निदान सलाईन तरी लावा’ म्हणतात. खरं पाहता शरीराचं काम आवरत आलेलं असतं आणि त्याला अन्न लागेनासं झालेलं असतं. उपासमार होऊन माणूस चालला आहे, असं नसतं. या टप्प्यावर सलाईन ओतलं तर सूज येते, छातीतली घरघर वाढू शकते. विकोपाला गेलेल्या स्मृतिभ्रंशात नाकातून किंवा पोटातून नळी घालून आयुष्य वाढत नाही आणि ठसका लागून होणारा न्यूमोनियाही टळत नाही, हे आता पक्कं झालेलं आहे. त्यापेक्षा माणूस जागा असेल, मागत असेल, तेव्हा बसतं करून दोन चमचे आवडीचं काही द्यावं आणि नको म्हटल्यावर थांबावं. थांबणं म्हणजे निष्काळजीपणा नव्हे, हे कुणीतरी अधिकाराने त्या आयेला सांगावं लागतं, नाहीतर ती स्वतःला दोष देत राहते.

दुसरी गोष्ट तोंडाची. शेवटी खरा त्रास होतो तो कोरड्या तोंडाचा. तासा-दोन तासांनी ओल्या कापसाने जीभ, हिरड्या, गालाच्या आतली बाजू पुसायची, ओठांना व्हॅसलिन लावायचं. जाणाऱ्याच्या मुखात गंगाजल घालण्याची रीत बंगालीही पाळतात आणि आपणही. ती मोडायची गरज नाही. चमच्याने ओतण्याऐवजी बोट किंवा कापूस भिजवून जिभेला लावला की रीतही राहते आणि ठसकाही लागत नाही. असा एखादा साधा बदल शिकवला, तर घरचे, आया आणि डॉक्टर तिघंही एका बाजूला येतात. मला हा भाग फार मोलाचा वाटतो. वैद्यकाने प्रथेशी भांडायचं नसतं, तिच्या हाताला धरून चालायचं असतं.

तिसरी श्वासाची. मध्येच थांबणारा, मग खोल होत जाणारा श्वास, ज्याला डॉक्टर चेन-स्टोक्स श्वसन म्हणतात, तो बघणाऱ्याला भयंकर वाटतो. बेशुद्धीकडे गेलेल्या माणसाला त्याचा तसा जाच होत असण्याची शक्यता कमी. घरघर म्हणजे गिळता न आल्याने घशात साठलेला स्राव. सक्शनच्या नळीने तो ओढत बसण्यापेक्षा कुशीवर वळवलं तर बरेचदा कमी होतो. डॉक्टर स्राव कमी करणारं औषध देऊ शकतात. पाय गार पडणं, गुडघ्यांवर निळसर-जांभळे चट्टे येणं, लघवी कमी होणं, हे सगळं ओळखता आलं की बाई घाबरत नाही, आणि घरच्यांना वेळेवर ‘या’ म्हणून सांगता येतं. वेळेवर सांगणं याची किंमत बंगळुरूच्या मुलालाच विचारावी.

चौथी वेदनेची, आणि ही सगळ्यांत दुर्लक्षित. स्मृतिभ्रंश झालेल्या आजोबांना ‘दुखतंय का’ विचारून उपयोग नसतो. ते ओरडतात, आंघोळीच्या वेळी हात झटकतात, तेव्हा त्यांना ‘हट्टी’ म्हटलं जातं किंवा झोपेची गोळी दिली जाते. कित्येकदा ती नुसती वेदना असते, गुडघ्याची, सांध्यांची, पाठीवरच्या जखमेची. न बोलणाऱ्याची वेदना मोजायला २००३ मध्ये अमेरिकेत एक साधी मोजपट्टी तयार झाली. श्वास, कण्हणं, चेहरा, शरीराची हालचाल आणि समजूत काढल्यावर शांत होतो का, या पाच बाबींना प्रत्येकी शून्य ते दोन गुण, एकूण दहा. लिहिता न येणारी बाईसुद्धा हे पाच मुद्दे पाठ करून फोनवर आकडा सांगू शकते. ‘आजोबा त्रास देतायत’ आणि ‘आजोबांचा आकडा सात आहे’ या दोन निरोपांवर डॉक्टर जे करतो त्यात केवढं अंतर पडतं.

आणि पाचवी, कूस बदलण्याची. दर दोन तासांनी अंग वळवणं, टाचांखाली आधार, चादरीची सुरकुती नको, ओली चादर तर नकोच. याची ताकद मराठी माणसाला निराळी सांगायला नको. परळच्या केईएम रुग्णालयातल्या नर्स अरुणा शानबाग १९७३ च्या नोव्हेंबरपासून २०१५ च्या मे महिन्यापर्यंत तिथेच अंथरुणावर होत्या. इतकी वर्षं पडून असलेल्या त्या देहावर बेडसोअर होऊ दिले नाहीत, याची नोंद सर्वोच्च न्यायालयासमोर झाली. दयामरणाच्या याचिकेवरच्या २०११ च्या निकालात न्यायालयाने त्यांची सेवा करणाऱ्या कर्मचाऱ्यांचं मन भरून कौतुक केलं. त्या निकालाची चर्चा दयामरणाच्या बाजूने आणि विरोधात पुष्कळ झाली. दर दोन तासांनी कूस बदलणाऱ्या त्या हातांची विद्या मात्र कुठल्या अभ्यासक्रमात नोंदली गेल्याचं मला दिसत नाही.

आता ही विद्या दूरवरून द्यायची कशी? इथे एक वाट अशी आहे की तिचा उगम पुण्यात शिकलेल्या माणसाकडे जातो. डॉ. संजीव अरोरा हे सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाचे, म्हणजे एएफएमसीचे विद्यार्थी. पुढे ते अमेरिकेत न्यू मेक्सिको विद्यापीठात यकृताचे तज्ज्ञ झाले. त्यांच्या आल्बुकर्कच्या दवाखान्यात हेपटायटिस सीच्या रुग्णांना आठ-आठ महिने थांबावं लागे. तोवर कित्येकांचा आजार हाताबाहेर जाई. २००३ मध्ये त्यांनी उलटा विचार केला. रुग्णांनी शहरात यावं, यापेक्षा खेड्यातल्या डॉक्टर आणि नर्सला तज्ज्ञ करावं. आठवड्यातून एकदा सगळे व्हिडिओवर एकत्र येत. पंधरा-वीस मिनिटं एखादा धडा, आणि मग खरा वर्ग, म्हणजे कुणीतरी आपला चालू रुग्ण नाव न सांगता मांडायचा, बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे आणि शेवटी काय करायचं ते लिहून द्यायचं. पुढच्या आठवड्यात त्या रुग्णाचं काय झालं ते पुन्हा सांगायचं. या पद्धतीला ‘एको’ नाव पडलं. २०११ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ४०७ रुग्णांचा अभ्यास आला. विद्यापीठात बरे झालेले ५७.५ टक्के, आणि खेड्यातल्या, तुरुंगातल्या दवाखान्यांत बरे झालेले ५८.२ टक्के. तज्ज्ञाच्या दारात न जाताही तितकंच चांगलं काम होतं, हे आकड्यांत सिद्ध झालं.

पुढे ही पद्धत शेवटच्या शुश्रूषेकडे आणि नर्सिंग होमकडे वळली. उत्तर आयर्लंडमध्ये घरोघर जाणाऱ्या हॉस्पिस नर्सेससाठी तसे वर्ग झाले. कोविडच्या काळात अमेरिकेच्या सरकारी यंत्रणेने याच पद्धतीने सोळा आठवड्यांचा कार्यक्रम नऊ हजारांहून जास्त नर्सिंग होमपर्यंत नेला. भारतात डॉ. राजगोपाल यांनी तिरुवनंतपुरमला २००३ मध्ये स्थापन केलेल्या ‘पॅलियम इंडिया’ने एकोचे वर्ग डॉक्टर, नर्स आणि स्वयंसेवकांसाठी चालवले, टाळेबंदीने अशा ऑनलाइन वर्गांची सवय सगळ्यांनाच लावली. इंडियन असोसिएशन ऑफ पॅलिएटिव्ह केअरचा घरबसल्या करता येणारा प्रमाणपत्र अभ्यासक्रम डॉक्टर-नर्सेसमध्ये रुळलेला आहे. कोलकात्यात इंद्राणी चक्रवर्ती यांनी १९८८ मध्ये स्थापन केलेली कलकत्ता मेट्रोपॉलिटन इन्स्टिट्यूट ऑफ जेरंटॉलॉजी वृद्धसेवकांना बरीच वर्षं प्रशिक्षण देते आहे. म्हणजे शिकवणारे आहेत, पद्धत आहे, पडदाही प्रत्येकीच्या हातात आहे. दुवा कमी पडतो तो यांना आयेपर्यंत आणून सोडण्याचा.

त्यासाठी वर्गाची घडण वेगळी लागेल. तो बांगलात हवा, आणि पुस्तकी बांगलात नको. दुपारी अडीच-तीनला, सगळे वृद्ध झोपलेले असताना, वृद्धाश्रमाच्या जेवणघरात एकाच टीव्हीसमोर सात-आठ जणी बसल्या आहेत, असा हवा. एकटीने मोबाइलवर व्हिडिओ बघून पुढे सरकवणं वेगळं आणि चौघींनी मिळून ‘आमच्या तीन नंबरच्या दादूंचं (आजोबांचं) असं होतंय’ म्हणून सांगणं वेगळं. समजा एकीने मांडलं की दादू संध्याकाळ झाली की ओरडतात. तज्ज्ञ लगेच औषध सांगणार नाही. तो विचारेल, संध्याकाळी काय होतं? दुसऱ्या आश्रमातली बाई म्हणेल, आमच्याकडेही असंच होतं, लघवी तुंबली होती. त्या क्षणी ती बाई शिक्षक झालेली असते. आयुष्यभर ज्यांना ‘हे कर, ते कर’ एवढंच सांगितलं गेलं, त्यांच्याकडून कुणी शिकतं आहे, याचा परिणाम त्यांच्या कामावर होतो. ‘सगळे शिकवतात, सगळे शिकतात’ हे एकोचं ब्रीद इथे अक्षरशः खरं ठरू शकतं. रात्रपाळीवाल्यांसाठी तोच धडा सात-आठ मिनिटांच्या ध्वनिफितीत व्हॉट्सॲपवर जावा, लोकलमध्ये ऐकता येईल असा.

पडद्यावर हात शिकत नाहीत, हेही स्पष्ट सांगायला हवं. कूस कशी वळवायची, सुकलेल्या त्वचेला न ओरबाडता चादर कशी ओढायची, दातखिळी बसलेल्या तोंडात कापूस कसा फिरवायचा, हे कुणीतरी शेजारी उभं राहून दाखवावं लागतं. म्हणून प्रत्येक आश्रमात निदान एक नर्स अशी हवी, जी प्रत्यक्ष शिकून आली आहे आणि पडद्यावरचा धडा पलंगापाशी उतरवते.

आणि याहून मोठी अडचण आहे. युरोपातल्या बेल्जियम, इंग्लंड, फिनलंड, इटली, नेदरलँड्स, पोलंड आणि स्वित्झर्लंड या सात देशांतल्या ७८ नर्सिंग होममध्ये कर्मचाऱ्यांना पॅलिएटिव्ह केअर शिकवण्याचा मोठा प्रयोग झाला. निष्कर्ष २०१९ मध्ये आले. शुश्रूषेची एकूण प्रत सुधारल्याच्या खुणा दिसल्या, पण मृत्यूपूर्वीच्या आठवड्यात रहिवाशांना आराम किती मिळाला, या मुख्य कसोटीवर फरक पडला नाही. पैसा, नर्सेस, औषधं सगळं असलेल्या देशांत असं व्हावं, हे मनाला लावून घेण्यासारखं आहे. मी त्याचा अर्थ असा घेतो की शिकलेल्या माणसाला शिकलेलं वापरायची सोय आणि मुभा मिळाली नाही, तर प्रशिक्षण भिंतीवर प्रमाणपत्र होऊन लटकतं.

कोलकात्यात ही सोय म्हणजे काय? रात्री दोनला उचलला जाणारा फोन, पलीकडे आजींची माहिती असलेला डॉक्टर किंवा नर्स. हे पहिलं. मग मॉर्फिन. भारत औषधी अफू पिकवतो, आणि इथलाच रुग्ण वेदनेत मरतो. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यातल्या कडक तरतुदींमुळे अनेक रुग्णालयांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं होतं. २०१४ च्या दुरुस्तीने आवश्यक अमली औषधांचे नियम देशभर एकसारखे केले आणि मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना मार्ग मोकळा केला. तरी भीती उरली आहे, डॉक्टरांच्या मनातही. तोंडाने घ्यायचं मॉर्फिन, वृद्धांसाठी अगदी थोड्या मात्रेपासून सुरू करून ठरल्या वेळी दिलं आणि सोबत बद्धकोष्ठाचं औषध दिलं, तर ते व्यसन लावत नाही की मरण ओढून आणत नाही. त्यामुळे जवळची अशी संस्था शोधून तिच्याशी जोडलेलं राहणं हे आश्रमाचं कामच मानलं पाहिजे.

शेवटची अडचण कागदाची, आणि ॲम्ब्युलन्स बोलावण्यामागचं खरं कारण बहुधा हेच असतं. आश्रमात मृत्यू झाला तर पोलिस येतील, स्मशानात अडवतील, नातेवाईक ‘तुम्ही काहीच केलं नाही’ म्हणून भांडतील, ही धास्ती मॅनेजरला असते. शेवटच्या आजारात तपासणाऱ्या डॉक्टरने रुग्णालयाबाहेरच्या मृत्यूसाठी असलेल्या ४अ नमुन्यात मृत्यूचं कारण लिहून दिलं की नोंदणी सरळ होते. पण तो डॉक्टर आधीपासून रुग्णाला बघत असला पाहिजे. आणि रुग्णाची स्वतःची इच्छा आधी लिहिलेली असली, तर भांडणाला जागा उरत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी अशा इच्छापत्राला मान्यता दिली, पण त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागत असल्याने फारसं कुणी त्या वाटेला गेलं नाही. जानेवारी २०२३ मध्ये ती अट काढली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाचे न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं इच्छापत्र नोंदवलं; गोव्यात तसं करणारे ते पहिले. न्यायमूर्तीने आपल्या मरणाबद्दल जाहीरपणे कागद करावा, याने शंभर व्याख्यानांचं काम होतं.

म्हणून आईवडिलांसाठी वृद्धाश्रम बघायला जाल, कोलकात्यात असो की पुण्यात, तेव्हा खोलीचा पंखा, बाग आणि जेवणाचा तक्ता बघून झाल्यावर थोडं जास्त थांबा. रात्री अकरानंतर मजल्यावर कोण असतं, ते विचारा, आणि शक्य असेल तर त्या बाईला भेटा. तिला कुणी काही शिकवलं आहे का, किती महिन्यांपूर्वी, आणि अडलं तर ती कुणाला विचारते? आश्रमाच्या डॉक्टरांना विचारा की मॉर्फिन लागलं तर ते कुठून आणतात, आणि याआधी कधी आणलं होतं. गेल्या वर्षी इथे किती जण वारले, त्यांतले किती आपल्या खोलीत आणि किती रुग्णालयात, हाही प्रश्न विचारता येतो. उत्तर देताना व्यवस्थापक अवघडला तरी विचारा. आणि घरी परतल्यावर, चहा घेताना, आईला तिचं स्वतःचं काय म्हणणं आहे तेही विचारून ठेवा.